नेमणुकीची कविता: मेनो विग्मन आणि आजचं डच काव्य

नेदरलँड्समध्ये कवी हे एक पद आहे. मुदतीचं, नेमणुकीचं आणि बहुतेक ठिकाणी थोड्याफार मानधनाचं. देशाला एक राष्ट्रकवी असतो, आणि अॅमस्टरडॅम, ग्रोनिंगन, उट्रेख्त यांच्यापासून लहानसहान गावांपर्यंत अनेक नगरपालिकांना आपापला नगरकवी असतो. पूल खुला झाला, महापौर निवृत्त झाला, शहरात काही अघटित घडलं, की या कवीकडून कविता येईल असं गृहीत धरलं जातं. लायडन शहरात १९९२ पासून घरांच्या भिंतींवर जगभरच्या कविता रंगवायला सुरुवात झाली आणि २००५ पर्यंत त्या १०१ झाल्या. रॉटरडॅमला १९७० पासून ‘पोएट्री इंटरनॅशनल’ हा महोत्सव भरतो आहे. २००० पासून जानेवारीतल्या शेवटच्या गुरुवारी काव्यदिन साजरा होऊ लागला आणि २०१३ पासून त्या दिवसाचा आठवडा झाला. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं, कवितेचे इथे दिवस फिरले आहेत.

पुस्तकाच्या दुकानात चित्र वेगळं आहे. तिथे बहुतेक संग्रहांचा खप शेकड्यांत मोजावा लागतो. वर्तमानपत्रांतली कवितेच्या परीक्षणांची जागा आकसत गेली आहे. १९९४ पासून दिला जाणारा, पंचवीस हजार युरोंचा ‘व्हीएसबी’ काव्यपुरस्कार २०१८ नंतर बंद झाला आणि दुसऱ्या नावाने, दुसऱ्या आधारावर नवा पुरस्कार उभा करावा लागला. म्हणजे कविता विकत घेऊन एकट्याने वाचणारे कमी, आणि कवितेला काम सांगणारे पुष्कळ, अशी ही अवस्था आहे. आजच्या डच काव्याबद्दल बोलायचं तर या विसंगतीपासूनच सुरुवात करावी लागते. काम सांगितल्यावर लिहिलेली कविता चांगली असू शकते का, आणि असली तर ती कशाच्या बळावर?

या प्रश्नाची परीक्षा पाहायला मेनो विग्मनइतका योग्य कवी दुसरा नाही, कारण स्वभावाने तो अशा कामाला अगदीच अयोग्य होता. रात्रीचं शहर, दारू, कंटाळा, मृत्यू आणि फसलेलं प्रेम हे त्याचे विषय. फ्रेंच कवी बोदलेर त्याचं दैवत. समाजाच्या उपयोगी पडणं हे अशा कवीच्या महत्त्वाकांक्षेत कुठेच बसत नाही. तरीही गेल्या पंचवीसेक वर्षांत डच भाषेत नेमून दिलेल्या कामातून ज्या मोजक्या टिकाऊ कविता निघाल्या, त्यांतल्या काही त्याच्या आहेत.

विग्मनचा जन्म १० ऑक्टोबर १९६६ चा, बेव्हरवाइकचा. आज टाटा स्टीलच्या मालकीचा असलेला आयमाउदनचा पोलाद कारखाना या गावाला लागूनच आहे. तो वाढला मात्र जवळच्या सांटपोर्टमध्ये. तिथल्या मनोरुग्णालयामुळे या गावाचं नाव त्या भागात वेड्यांच्या इस्पितळाशी कायमचं जोडलं गेलं होतं. तरुणपणी पंक संगीताने त्याला धरलं. तो ड्रम वाजवायचा आणि स्वतःच्या कवितांच्या पुस्तिका स्वतःच छापून वाटायचा. पुढे अॅमस्टरडॅमच्या विद्यापीठात त्याने डच साहित्याचा अभ्यास केला. ड्रम वाजवणारा मुलगा आणि छंदात लिहिणारा कवी यांच्यात फार अंतर नव्हतं. ठेका न चुकवणं ही दोघांची पहिली अट होती.

त्याने लिहायला घेतलं तेव्हाची डच कविता दोन तटांत विभागली होती. १९५० च्या दशकात लुसेबर्ट, खेरिट काउवेनार, रेम्को काम्पर्ट या कवींनी जुना छंद आणि जुनी सभ्यता दोन्ही मोडून टाकली. त्या बंडाचीच पुढे परंपरा झाली. काउवेनार आणि हान्स फाव्हरे यांच्यामागून कवितेविषयीची कविता, म्हणजे स्वतःच्याच भाषेकडे पाहणारी, मितभाषी, दुर्बोध रचना प्रतिष्ठेची ठरली. दुसरा तट मंचाचा. १९६६ साली अॅमस्टरडॅमच्या कारे नाट्यगृहात सिमोन फिन्केनोखने भरवलेल्या कविसंमेलनाने जाहीर वाचनाला जी हवा दिली, ती उट्रेख्तच्या ‘कवितेच्या रात्री’तून वाढत गेली आणि नव्वदच्या दशकात तरुण मंचकवींची एक फळीच तयार झाली. एका बाजूला विद्यापीठ, दुसऱ्या बाजूला बिअरचे ग्लास. २००० साली कवी इल्या लेओनार्ड फायफरने सुबोधतेच्या पूजेवर हल्ला चढवला तेव्हा हा वाद चांगलाच पेटला.

विग्मन या दोन्ही तटांवर बसला नाही. त्याच्या ओळी सरळ समजतात, पण त्या मंचासाठी सैल केलेल्या नाहीत. त्याने जुना लघु-गुरूचा ठेका परत आणला. सुनीताच्या जवळ जाणारे आटोपशीर आकार वापरले. यमकाऐवजी पुष्कळदा स्वरसाम्यावर काम भागवलं, त्यामुळे नाद राहिला आणि घंटा वाजवल्याचा भास टळला. या आकारात त्याने भरलं ते मात्र आजचं जग होतं: झेरॉक्सची दुकानं, स्वस्त खाणावळी, वृद्धाश्रम, रात्री उशिराचे बार. २००९ साली त्याच्या निवडक कवितांचं पुस्तक आलं, त्याच्या नावाचा अर्थच ‘झेरॉक्सच्या दुकानांचं दुःख’ असा होतो. जे. सी. ब्लूमसारख्या विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या कवींची खिन्न गेयता आणि महानगराच्या पैशाचा, प्लॅस्टिकचा वास यांची त्याने घातलेली सांगड डच वाचकाला एकदम ओळखीची आणि एकदम नवी वाटली.

पहिला संग्रह १९९७ चा. नावाचा अर्थ, ‘उन्हाळ्यात सगळी शहरं घाण मारतात’. त्यानंतरच्या ‘कॅव्हिआरसारखं काळं’ या २००१ च्या संग्रहाला यो पेटर्स पुरस्कार मिळाला, २००४ मध्ये ‘हा माझा दिवस’ आला. या तीन पुस्तकांत प्रतिभा उघड दिसते आणि पवित्राही. ‘जनेस दोरे’ या कवितेत तो अॅलन गिन्सबर्गच्या ‘हाउल’ला उलट जबाब देतो. गिन्सबर्गच्या पिढीतली थोर डोकी वेडाने उद्ध्वस्त झाली, याच्या पिढीची एका अशा उठावासाठी रक्तबंबाळ झाली जो आलाच नाही. ही कविता गाजली ते रास्तच होतं, कारण सुखवस्तू देशात वाढलेल्या, कशाशीच झगडा न उरलेल्या पिढीचं निदान तिने अचूक केलं. पण या काळातल्या पुष्कळ कवितांत उदासी आधी ठरलेली असते आणि कारण नंतर शोधलं जातं. स्त्रिया येतात त्या बहुतेक वेळा या उदासीचं निमित्त म्हणून. त्यांना चेहरा फारसा नसतो. शेवटची ओळ इतकी घोटीव असते की कविता तिच्याकडे धावत सुटली आहे असं वाटतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या फ्रेंच गद्यकवितांचा संग्रह त्याने १९९८ मध्ये अनुवादून प्रसिद्ध केला होता. त्या मंडळींची काळी मखमल त्याने थोडी जास्तच अंगावर घेतली होती.

ती मखमल उतरली ती दोन नेमणुकांमुळे.

पहिली २००५ ची. उट्रेख्तजवळ डेन डोल्डर इथे मोठी मनोरुग्णसंस्था आहे. तिथे निवासी लेखक म्हणून त्याने मुक्काम केला. त्यातून पुढच्या वर्षी ‘हेट खेस्टिख्त’ ही डायरी निघाली. नावाचा अर्थ सरळ, ‘वेड्यांचं इस्पितळ’. रोमँटिक कवींना वेडाचं आकर्षण जुनंच. विग्मनने अनुवादलेला जेरार द नेर्व्हाल स्वतःच त्या वाटेने गेला. कवीला वेडात दिव्य दृष्टी दिसते, पण संस्थेच्या आवारात राहणाऱ्याला औषधांच्या वेळा, सिगारेटी आणि लांबलचक दुपारी दिसतात. या मुक्कामानंतरच्या त्याच्या कवितेत ‘मी’ थोडा बाजूला सरकतो आणि ‘तो’, ‘ती’, ‘ते’ यांना जागा मिळते. २०१२ च्या संग्रहाला त्याने नाव दिलं ‘माझं नाव लेगिओन’. मार्कच्या शुभवर्तमानात भूतबाधा झालेला माणूस येशूला आपली ओळख याच शब्दांत सांगतो, कारण त्याच्यात एक नाही, फौजच वस्तीला आलेली असते. पूर्वी एकट्याच्या कंटाळ्यावर लिहिणारा कवी आता गर्दीच्या वतीने बोलायला धजावला होता, आणि त्या गर्दीवर त्याचा अजूनही विश्वास नव्हता. हा ताण त्या संग्रहाची खरी ताकद आहे.

दुसरी नेमणूक जास्त महत्त्वाची. तिला पद नव्हतं, पत्रक नव्हतं, टाळ्याही नव्हत्या.

डच कायद्यानुसार एखाद्याच्या अंत्यविधीची जबाबदारी घ्यायला कोणीच पुढे आलं नाही, तर ती नगरपालिकेवर येते. मृत्यूनंतर पहिले ३६ तास अंत्यविधी करता येत नाही, आणि सहा कामकाजी दिवसांपलीकडे तो सहसा लांबवताही येत नाही. या अवधीत पालिकेची माणसं मृताच्या घरात जातात, पत्ते लिहिलेली वही शोधतात, पत्रं चाळतात, कोणी नातेवाईक सापडतो का ते पाहतात. कोणीच सापडलं नाही की दफन ठरतं. साधी शवपेटी, वाहणारी माणसं, थोडं संगीत, नंतर कॉफी. उपस्थित कोण, तर पालिकेचा अधिकारी, अंत्यविधीवाल्या कंपनीचा माणूस आणि पेटी वाहणारे.

या विधीत कवीला आणलं ते आधी ग्रोनिंगनमध्ये बार्ट एफ. एम. ड्रोख या कवीने. २००२ मध्ये एफ. स्तारिकने अॅमस्टरडॅममध्ये तेच सुरू केलं. स्तारिक हे टोपणनाव. अपेलडोर्नला १९५८ मध्ये जन्मलेला हा माणूस कवी, गायक, छायाचित्रकार असं बरंच काही होता. त्याने कवींचा एक गट जमवला आणि त्याला फुटबॉल स्पर्धेतला शब्द उचलून ‘मृत्यूचा गट’ म्हटलं. विग्मन, नेल्ट्ये मारिया मिन, एफा खेर्लाख, अनेके ब्रासिंगा असे चांगले चांगले कवी त्यात होते. वर्षाला पंधराएक दफनं व्हायची. पालिकेकडून फोन यायचा, ज्याची पाळी असेल त्या कवीला जी काय माहिती उपलब्ध असेल ती मिळायची: नाव, जन्मतारीख, शेवटचा पत्ता, घरात काय आढळलं. कधी तेवढंही नाही. पाण्यातून काढलेल्या अनोळखी माणसाचं नावसुद्धा नसतं. दोन-चार दिवसांत कविता लिहायची, दफनभूमीत जायचं, ती वाचायची. स्तारिक प्रत्येक वेळी हजर राहायचा आणि नंतर वृत्तान्त लिहायचा: हवा कशी होती, कोणतं संगीत लागलं, कोण चुकून आलं. २००५ चं ‘एकाकी अंत्ययात्रा’ आणि २०११ चं ‘एक कुदळ खोल’ ही त्याची दोन पुस्तकं या वृत्तान्तांची आणि कवितांची आहेत. अलीकडच्या डच साहित्यात इतकं कोरडं आणि इतकं हलवणारं गद्य फार थोडं आहे. पुढे बेल्जियममध्ये अँटवर्पला मार्टेन इंगेल्सने हाच उपक्रम चालवला.

कवितेच्या दृष्टीने पाहिलं तर हे काम भयंकर अवघड आहे. ज्याच्याबद्दल लिहायचं तो माहीत नाही. कल्पनेने आयुष्य रंगवलं तर ते खोटं, कारण प्रतिवाद करायला तो नाही. समाजाच्या निष्ठुरपणावर भाषण केलं तर माणूस बाजूला राहून मुद्दा पुढे येतो. स्वतःच्या हळहळीबद्दल लिहिलं तर दुसऱ्याच्या पेटीवर उभं राहून फोटो काढल्यासारखं होतं. या उपक्रमातल्या कितीतरी कविता या तीन खड्ड्यांपैकी एकात पडल्या आहेत, हेही सांगितलं पाहिजे. चांगल्या हेतूला इथे गुण नाहीत.

विग्मनची ‘आर्डे, वेस नीट स्ट्रेंग’ ही कविता या खड्ड्यांतून कशी वाट काढते ते पाहण्यासारखं आहे. कविता मृताशी बोलत नाही, आपल्याशीही नाही. ती जमिनीशी बोलते. तिने या माणसाशी कठोर वागू नये अशी विनंती करते. ही विनंती विग्मनची स्वतःची नाही. माती तुला हलकी होवो, ही प्राचीन रोमन थडग्यांवरची प्रार्थना आहे आणि लॅटिन कवी मार्शलने एका लहान मुलीसाठी तीच वापरली होती. दोन हजार वर्षं जुना विधी विग्मन एका अनोळखी अॅमस्टरडॅमकरासाठी उघडतो. मग त्या माणसाबद्दल काय सांगतो? अगदी थोडं. त्याच्याकडे किल्ल्यांचा मोठा साठा होता, एवढी एक वस्तू कविता पुढे करते. पालिकेच्या नोंदीत शोभावा असा हा तपशील आहे. त्यावर टीका नाही, त्याचं रूपक करून ताणणं नाही. इतक्या किल्ल्या असलेला माणूस कुठल्याच दारातून कोणाकडे गेला नाही, हे वाचकाने आपलं आपण समजून घ्यायचं. आणि हे सगळं एका समतोल, मोजून टाकलेल्या ठेक्यात. पेटी वाहणाऱ्यांच्या पावलांना जुळेल असा तो ठेका आहे.

इथे विग्मनचं जुनं शिक्षण कामी आलं. छंद हा त्याच्या आधीच्या कवितेत कधी कधी दागिना वाटायचा, इथे तो विधी झाला. ज्याला रडणारं कोणी नाही त्याच्यासाठी कवीने खाजगी भावना कुठून आणायची? ती आणायची गरजच नाही. परंपरेने घडवलेला आकार त्याच्या हाती आहे, आणि तो आकार कोणाच्याही वाट्याला यावा इतका सार्वजनिक आहे. राजाच्या शोकगीताला वापरला जाणारा सूर किल्ल्यांच्या त्या मालकाला मिळतो. यात जी समता आहे ती घोषणा देऊन आली नसती. पवित्र्याचं म्हणाल, तर ऐकायला चार-पाच नोकरदार माणसं असताना पवित्रा कोणासाठी घ्यायचा?

स्तारिक २०१० ते २०१२ अॅमस्टरडॅमचा नगरकवी होता, त्याच्यानंतर २०१२ ते २०१४ विग्मन. उपरोध असा की काळ्या रोमँटिक कवीला महापालिकेने बोलावलं आणि तो गेला. त्याच्या नगरकवितांत सगळ्याच तितक्या उंचीच्या नाहीत. प्रसंगासाठी लिहिलेल्या कवितेची मुदत प्रसंगाबरोबर संपते, हा नियम त्यालाही लागू पडतो. पण त्याने शहराची स्तुती करायचं कटाक्षाने टाळलं. ज्या शहराबद्दल त्याने पंधरा वर्षं तक्रार केली होती, त्याच शहराची तक्रार तो पगारी कवी म्हणूनही करत राहिला.

देशाच्या पातळीवर हे साधणं जास्त अवघड गेलं आहे. राष्ट्रकवीचं पद २००० मध्ये सुरू झालं तेच थोडं थट्टेच्या सुरात, लोकांच्या मतदानाने. सर्वांत जास्त मतं रुट्गर कोप्लांडला पडली, त्याने नकार दिला आणि पद खेरिट कोम्रायकडे आलं. डच कवितेचं सर्वांत प्रभावी संपादित संकलन करणारा हा तिखट माणूस मुदत संपायच्या आधीच, २००४ मध्ये, बाजूला झाला. २००५ मध्ये द्रीक फान विसेन हा हलक्याफुलक्या पद्यांचा लेखक रीतसर प्रचार करून निवडून आला. मतपेटीतून कवी निवडला की काय होतं याचा तो धडा होता. २००९ मध्ये आलेला रॅम्झी नास्र हा पॅलेस्टिनी वडिलांचा मुलगा आणि कसलेला नट. त्याने या पदाला पहिल्यांदा राजकीय धार दिली. राष्ट्र म्हणजे कोण, हा प्रश्न त्याने राष्ट्रकवीच्याच खुर्चीवरून विचारला. २०१३ पासून निवड समितीकडे गेली. मग आन फेख्टर, एस्टर नाओमी पेर्क्विन, फ्रिसियन भाषेतही लिहिणारा त्सेआद ब्रुइन्या, लीके मार्समन आणि २०२३ मध्ये बाब्स गोन्स असे कवी आले.

या यादीतली दोन नावं विग्मनच्या शेजारी ठेवून पाहावीत. पेर्क्विनने लेखनाच्या शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी काही वर्षं तुरुंगात रक्षक म्हणून नोकरी केली. त्यातून आलेल्या ‘कोठड्यांची तपासणी’ या संग्रहाला २०१३ चा व्हीएसबी पुरस्कार मिळाला. तिथेही कैद्याची कीव नाही आणि गौरवही नाही. चौकटीतून एक नजर, आणि पुढची कोठडी. मार्समनने २०१८ मध्ये ‘पुढचं स्कॅन पाच मिनिटं चालेल’ या छोट्या पुस्तकात आपला कर्करोग आणि देशाचं राजकारण एका टेबलावर आणलं. आजारी माणूस सार्वजनिक व्यवस्थेवर किती अवलंबून असतो, हे आजारी पडल्यावर कळतं. त्या कळण्याला तिने तत्त्वचिंतनाची शिस्त दिली. दोघींची कविता विग्मनच्या छंदात नाही. पण तिघांमध्ये एक गोष्ट समान आहे. बाहेरून आलेल्या सक्तीला, मग ती नोकरी असो, रोग असो की पालिकेचा फोन, त्यांनी आपापल्या घडणीतून उत्तर दिलं.

उलट उदाहरणही डोळ्यांसमोर आहे. एप्रिल २०१३ मध्ये राजा विलेम-अलेक्झांडरच्या राज्यारोहणासाठी संगीतकार जॉन युबँकने ‘राजगीत’ तयार केलं. नागरिकांकडून शब्द आणि ओळी मागवून त्यांचा शब्दपट शिवलेला होता. गीत बाहेर पडताच भाषेची इतकी टर उडाली, निवेदनांवर इतक्या हजारो सह्या झाल्या, की युबँकने ते मागे घेतल्याचं जाहीर केलं. नंतर ते समारंभात गायलं गेलंच. सगळ्यांचे शब्द एकत्र केले की सगळ्यांचा आवाज होतो, ही कल्पना लोकशाहीला शोभणारी वाटते, पण कवितेत ती चालत नाही. किल्ल्यांच्या मालकासाठी लिहिलेली कविता एका माणसाने एकट्याने लिहिली होती, म्हणूनच ती इतरांची होऊ शकली.

दरम्यान कवीकडून असलेल्या अपेक्षाही बदलल्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये एका डच प्रकाशनसंस्थेने तरुण काळी अमेरिकन कवयित्री अमांडा गोर्मनच्या ‘द हिल वी क्लाइम्ब’चा अनुवाद मारीके लुकास रायनेवेल्डकडे सोपवला. ‘वासराचं कातडं’ या पहिल्याच काव्यसंग्रहाने नाव मिळवलेल्या आणि २०२० मध्ये कादंबरीसाठी आंतरराष्ट्रीय बुकर मिळालेल्या रायनेवेल्डची निवड साहित्यिक निकषावर चुकीची म्हणता आली नसती. पण पत्रकार यानिस डॉलने ‘फोल्क्सक्रांट’ या दैनिकात विचारलं: देशात मंचावर बोलणाऱ्या तरुण काळ्या कवयित्री असताना त्यांचा विचारही का झाला नाही? रायनेवेल्डने दुसऱ्याच दिवशी काम सोडलं आणि पुढच्या महिन्यात उत्तरादाखल कविताच लिहिली. जगभर त्या प्रसंगावर अनुवादाच्या हक्कांची चर्चा झाली. डच काव्यापुरतं त्याचं महत्त्व वेगळं आहे: नेमणूक कोणाला मिळते, हा प्रश्न पहिल्यांदा इतक्या उघडपणे विचारला गेला. दोन वर्षांनी मंचावरच घडलेली बाब्स गोन्स राष्ट्रकवी झाली, हे या प्रश्नाला मिळालेलं एक उत्तर मानता येईल. ज्या मंचाकडे छापील कवितेने अनेक वर्षं नाक मुरडलं, तो तिच्या रूपाने पदावर बसला. श्वास, आवाज आणि पुनरावृत्ती यांच्यावर उभी असलेली ही कविता कागदावर पातळ वाटते, ही तक्रार पुष्कळदा खरी आहे. पण ती कागदासाठी नाहीच, तर तिचं मोजमाप कागदावर का करावं? तिचे निकष तिच्या परंपरेतून घडायला हवेत, आणि ते घडवणारी समीक्षा अजून डच वर्तमानपत्रांना जमलेली नाही. सध्या एक तर कौतुक आहे, नाहीतर दुर्लक्ष.

विग्मनला हा बदल पाहायला मिळाला नाही. ‘सुखाबाबत हलगर्जी’ हा त्याचा शेवटचा संग्रह २०१६ चा. हृदयाच्या आजाराने शरीर थकलं होतं आणि कविताही त्यामुळे सौम्य झाली होती. पूर्वीची तिरस्काराची धार गेली आणि जगण्याबद्दलची थोडी चकित ओढ आली. समीक्षक याला परिपक्वता म्हणतात. काही ठिकाणी मला ती हार वाटते: जुन्या कवितेचा राग तिच्या तालाला जी गती द्यायचा, ती इथे कमी पडते. तरी हा संग्रह त्याचा सर्वांत कमी दिखाऊ संग्रह आहे. त्याच वर्षी डेव्हिड कॉल्मरने केलेले इंग्रजी अनुवाद पुस्तकरूपाने आले आणि डच न येणाऱ्या वाचकांसाठी दार उघडलं. १ फेब्रुवारी २०१८ रोजी, काव्य-सप्ताह नुकताच संपलेला असताना, तो ५१ व्या वर्षी गेला. सहा आठवड्यांनी, १६ मार्चला, स्तारिकही गेला. अॅमस्टरडॅममधला उपक्रम योरिस फान कास्टेरेनने पुढे चालवला. विग्मनच्या समग्र कविता २०१९ मध्ये प्रसिद्ध झाल्या.

समग्र पुस्तक हातात घेतल्यावर एक गोष्ट स्पष्ट होते. नेमणुकीच्या कविता वेगळ्या काढून त्यांचं स्वतंत्र पुस्तक करता आलं असतं, पण मग त्या इतक्या चांगल्या का आहेत हे कळलं नसतं. त्यांच्यामागे पंचवीसेक वर्षांची अशी कविता आहे जी कोणी मागितली नव्हती: वेड्या फ्रेंचांचे अनुवाद, कोणाच्याही उपयोगाची नसलेली रात्रीची सुनीतं, स्वखर्चाने छापलेल्या पुस्तिका. नगरपालिकेने फोन केला तेव्हा हा माणूस तयार होता, कारण तो फोनची वाट पाहत बसला नव्हता.

आज डच व्यवस्थेचा कल उलट दिशेने आहे. कवितेला पैसे द्यायचे तर ते उपक्रमासाठी, कार्यक्रमासाठी, शाळेतल्या कार्यशाळेसाठी, पदासाठी. यातलं प्रत्येक काम चांगलं आहे, आणि साहित्यनिधीकडून कवींना लेखनासाठी मिळणाऱ्या अनुदानांची व्यवस्था अजून टिकून आहे हेही खरं. पण पुरस्कार, परीक्षणं, मासिकं आणि संग्रहाचा वाचक, हे सगळं जिथे कवी हळूहळू घडतो ते वातावरण विरळ होत चाललं आणि पदं मात्र वाढत गेली, तर या पदांवर बसायला पंचविशीतले हुशार, हजरजबाबी, प्रसंगाला धावून येणारे लोक मिळतील. विग्मन मिळणार नाही. उपयोगी कविता हवी असेल तर आधी निरुपयोगी कवितेचा खर्च उचलावा लागतो. मराठीतही शताब्द्या आणि उद्घाटनं जवळ आली की सरकारला कवी आठवतो. त्याआधीची वीस वर्षं तो कशावर लिहीत होता, हा प्रश्न विचारायची सवय मात्र आपल्यालाही अजून लागलेली नाही.